छडी गेल्यानंतरची शिस्त

शाळेतील शिक्षेचा विषय निघाला की आजकाल दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. शिक्षकांच्या खोलीत म्हटले जाते, ‘आता मुलांना हात लावायची सोय राहिली नाही, म्हणून ती डोक्यावर बसली आहेत.’ पालकसभेत म्हटले जाते, ‘शाळा मुलांकडे लक्षच देत नाही, पण माझ्या मुलाला कुणी वेडेवाकडे बोललेले मला चालणार नाही.’ ही दोन्ही वाक्ये पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडून निघतात, कारण शिक्षक हाही कुणाचा तरी पालक असतोच. या दोहोंच्या कात्रीत एक प्रश्न अडकून पडला आहे. मुलांना मारणे बंद करण्याचा निर्णय योग्य होता, आणि तो मागे घेण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही; परंतु मारण्याच्या जागी काय करायचे, ते कोणी करायचे आणि त्यासाठी लागणारा वेळ व माणसे कुठून आणायची, हे आपण समाज म्हणून ठरवलेच नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण कडकपणा आणि मार एकच मानत आलो. त्यामुळे मार सोडताना कडकपणाही सोडून बसलो, आणि आता कडकपणाची उणीव भासू लागली की पुन्हा मारच मागू लागलो आहोत.

कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगतो. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला. शाळेतील शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला धरून असावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. दिल्लीच्या १९७३ च्या शालेय नियमावलीत शारीरिक शिक्षेला जागा होती. ती तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये रद्द केली. २००७ साली केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत केलेल्या पाहणीत, ज्यात महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही राज्ये होती, शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी आपल्याला शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. म्हणजे वेताची छडी आणि हातावरची पट्टीच नव्हे, तर भर वर्गात ‘तू ढ आहेस’ म्हणून हिणवणेही त्या दिवसापासून कायद्याने बंद झाले. मात्र हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, पहिली ते आठवीपुरता आहे. ज्या वयात मुले खऱ्या अर्थाने उसळतात, उलट बोलतात, वर्ग उधळतात, ती नववी-दहावीची मुले त्याच्या कक्षेत येतच नाहीत. त्यांच्यासाठी २०१५ च्या बालन्याय कायद्यातील क्रूरतेच्या कलमाकडे जावे लागते, आणि ते कलम सरळ फौजदारी स्वरूपाचे आहे.

या फौजदारी वळणाने काय घडते, हे गोव्यातील एका प्रकरणात फार स्पष्ट दिसते. शिक्षणहक्क कायद्याच्याही आधी, २००३ च्या बाल कायद्याने गोव्यात शाळांमधील शारीरिक शिक्षेवर बंदी आली होती. २०१४ मध्ये तिथल्या एका प्राथमिक शाळेतील पाच वर्षांच्या मुलीच्या बाटलीतले पाणी संपले, म्हणून तिने दुसऱ्या मुलीच्या बाटलीतले पाणी प्यायले. तिची आठ वर्षांची बहीण चौकशी करायला त्या वर्गात आली, तेव्हा दोघींना पट्टीने मारले गेले, असा आरोप होता. बाल न्यायालयाने संबंधित शिक्षकाला एक दिवसाची कैद आणि एक लाख रुपये दंड ठोठावला. २०२३ च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ती शिक्षा रद्द केली. मुलांना शिस्त लावताना शिक्षकाला प्रसंगी थोडे कठोर व्हावे लागते आणि प्राथमिक शाळेत असे प्रसंग नेहमीचे आहेत, असा त्या निकालाचा सूर होता.

निकालाचा फौजदारी भाग मला पटतो. पट्टीच्या एका फटक्यासाठी माणसाला गुन्हेगार ठरवू नये. ‘प्रसंगी थोडे कठोर’ या शब्दांनी पट्टीला जी जागा मिळते, ती मात्र मला मान्य नाही. पाच वर्षांच्या मुलीला, दुसऱ्याची वस्तू विचारून घ्यावी, हे शिकवायला पट्टी लागत नाही. तिला बाजूला घेऊन बोलणारे मोठे माणूस लागते आणि त्या माणसाजवळ पाच मिनिटे असावी लागतात. आणि बहिणीच्या काळजीने वर्गात आलेल्या आठ वर्षांच्या मुलीने तर शिक्षा व्हावी असे काही केलेलेच नव्हते. त्या दिवशी मुख्याध्यापकांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या असत्या, शिक्षकाने मुलींच्या पालकांसमोर चूक कबूल केली असती आणि शाळेच्या नोंदवहीत लेखी समज दिली गेली असती, तर प्रकरण त्याच आठवड्यात मिटण्यासारखे होते. त्याऐवजी पाण्याच्या बाटलीवरून सुरू झालेला खटला नऊ वर्षे चालला. एका टोकाला पट्टी आणि दुसऱ्या टोकाला फौजदारी न्यायालय, आणि मधे काहीच नाही, ही आपल्या शाळांची खरी अवस्था आहे.

न्यायालयांमध्येही या बाबतीत एकवाक्यता नाही. छत्तीसगड उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये, शिस्तीच्या नावाखाली मुलाला शारीरिक शिक्षा देणे हे संविधानाच्या कलम २१ शी, म्हणजे जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काशी, विसंगत असल्याचे म्हटले. तर मार्च २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, शिक्षकांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी प्राथमिक चौकशी करावी असे सांगताना, शिक्षकांनी हवी तर हातात छडी बाळगावी, ती वापरलीच पाहिजे असे नाही, असेही मत मांडले. प्राथमिक चौकशीची अट रास्त आहे आणि महाराष्ट्रानेही ती आणावी. पण केवळ धाकासाठी बाळगलेली छडी ही कल्पना टिकणारी नाही. छडीचा धाक वाटतो तो कधी तरी कुणाच्या तरी हातावर ती उठलेली मुलांनी पाहिलेली असते म्हणून. धाक टिकवायचा तर अधूनमधून ती पुन्हा उचलावी लागते, आणि तेव्हा ती उचलणाऱ्याचा राग किती आहे, समोरच्या मुलाचा बाप कोण आहे, त्याची जात कोणती, तो तक्रार करू शकेल की नाही, या गोष्टी त्या हातामागे नकळत काम करू लागतात. ज्यांच्या घरून कुणी विचारायला येणार नाही, अशाच मुलांच्या वाट्याला मार जास्त येतो, हे शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

‘हलकी शिक्षा’ तरी राहू द्या, असेही सांगितले जाते. अंगठे धरून उभे करणे, कोंबडा करणे, उठाबशा काढायला लावणे, या गोष्टींना आपल्याकडे कुणी शिक्षा म्हणून गंभीरपणे घेतच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत सहावीतल्या एका मुलीला शाळेत उशिरा आल्याबद्दल शंभर उठाबशा काढायला लावल्या आणि त्यानंतर काही दिवसांतच तिचा मृत्यू झाला, अशी तक्रार तिच्या कुटुंबाने केली. मृत्यूचे नेमके कारण ठरवणे हे वैद्यकीय तपासाचे आणि न्यायालयाचे काम आहे. परंतु जिच्या प्रकृतीची पूर्ण माहिती समोरच्या माणसाला नाही, अशा मुलीच्या शरीरावर शिक्षेचा प्रयोग करण्याचा अधिकार शिक्षकाला असावा का, या प्रश्नाचे उत्तर त्या तपासावर अवलंबून नाही. ते ‘नाही’ असेच आहे. शिवाय उशिरा येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला उशीर का होतो, हे शंभर उठाबशांनंतरही शाळेला कळलेले नसते.

‘आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?’ हा युक्तिवाद सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो, आणि तो सांगणारी माणसे पुष्कळदा सज्जन, कर्तबगार आणि आपल्या गुरुजींवर खरेच प्रेम करणारी असतात. दहावीच्या जुन्या तुकडीचे स्नेहसंमेलन भरते, वृद्ध गुरुजींना शाल-श्रीफळ दिले जाते आणि कुणी तरी भरल्या गळ्याने सांगतो की सरांनी मारले म्हणूनच मी घडलो. त्याच्या कृतज्ञतेबद्दल मला शंका नाही. पण त्या सभागृहात कोण बसलेले नसते, याचा विचार करायला हवा. सहावीत असताना रोजच्या माराला कंटाळून ज्याने दप्तर टाकून दिले आणि जो वीटभट्टीवर किंवा गॅरेजवर गेला, त्याला त्या संमेलनाचे निमंत्रण पोहोचत नाही. ज्या मुलीला पाढे चुकल्यावर साऱ्या वर्गासमोर झालेल्या अपमानाने शाळा नकोशी झाली आणि घरच्यांनीही फारसा आग्रह केला नाही, तिचा नंबर त्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नसतो. माराचा हिशेब आपण फक्त तरलेल्यांच्या साक्षीवर मांडत आलो आहोत. शाळा सुटलेल्या त्या मुलांतल्या कित्येकांना आज आपण अध्ययन-अक्षम म्हणून ओळखले असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अक्षमता दिव्यांगत्वाच्या यादीत घेतली. त्याआधीच्या पिढ्यांनी अक्षरे उलटसुलट दिसण्याच्या अपराधाबद्दल हातावर पट्ट्या घेतल्या.

संशोधनही या दिशेनेच बोट दाखवते. एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या अमेरिकेतील संशोधकांनी २०१६ मध्ये पन्नास वर्षांतील अभ्यास एकत्र करून, सुमारे १,६०,००० मुलांच्या माहितीवरून, मोठ्यांच्या चापट्या खाणारी मुले पुढे अधिक आज्ञाधारक होतात असे दिसत नाही, उलट त्यांच्यात आक्रमकता आणि मानसिक त्रास अधिक आढळतो, असा निष्कर्ष काढला. अशा अभ्यासांतून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही, हे मान्य करूनही, मारल्याने मुले सुधारतात असा पुरावा मिळत नाही, ही गोष्ट उरतेच. मात्र मानसशास्त्रज्ञ डायना बाउमरिंड यांनी १९६० च्या दशकात केलेल्या मांडणीकडे आपण त्याहून जास्त लक्ष द्यायला हवे होते. हुकूमशाही वृत्तीचे पालक आणि मोकाट सोडणारे पालक यांच्याखेरीज त्यांनी तिसरा प्रकार दाखवला: ज्यांचे नियम ठाम असतात, जे त्यांचे कारण सांगतात, मुलाचे ऐकून घेतात आणि तरीही योग्य ठिकाणी ‘नाही’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत आपल्या शहरी मध्यमवर्गाने पहिला प्रकार टाकला, आणि मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या प्रकाराकडे झुकला. मुलाच्या मनावर परिणाम होईल या भीतीने त्याला थांबवायचेच नाही, हॉटेलात तो टेबलांमधून धावत सुटला तरी हातात मोबाइल देऊन गप्प करायचे, आणि शिक्षिकेने वहीत लाल शेरा दिला की लगेच मुख्याध्यापकांना फोन करायचा, ही मायाही नव्हे आणि आधुनिकताही नव्हे. त्या मुलाला कुणी तरी आवर घालावा अशी गरज असते, आणि ती आपण नाकारत असतो.

महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला लोकमान्य टिळकांची शेंगांची गोष्ट ठाऊक असते. वर्गात टरफले पडलेली असतात, गुरुजी सगळ्यांनाच ती उचलायला सांगतात आणि ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही’ असे म्हणून छोटा बाळ शिक्षा नाकारतो. दर १ ऑगस्टला शाळाशाळांतून हे वाक्य भाषणात म्हटले जाते आणि टाळ्या पडतात. ती घटना नेमकी कशी घडली, यापेक्षा ती आपण आपल्या मुलांना इतक्या आवडीने का सांगतो, हे मला महत्त्वाचे वाटते. ज्याने अपराध केला त्यालाच शिक्षा व्हावी, साऱ्या वर्गाला नव्हे, आणि अन्याय झाला तर लहान मुलालाही तसे म्हणता यावे, हे आपल्याला आतून मान्य आहे. तरीही एका मुलाने फळ्यावर काही खरडले म्हणून सबंध वर्गाची खेळाची तासिका आजही रद्द होते, आणि ‘मी केले नाही’ म्हणणाऱ्या मुलाला उद्धट ठरवले जाते. मुले शिस्तीविरुद्ध नसतात. नियम सर्वांना सारखा आहे, काल होता तोच आज आहे आणि मुख्याध्यापकांच्या भाच्यालाही तो लागू आहे, असे दिसले तर सर्वांत वांड मुलगाही तो बहुधा पाळतो. अन्यायाची जाण मात्र मुलांना फार तीव्र असते, आणि एकदा शाळेचा न्यायावरचा हक्क गेला की मागे नुसती जबरदस्ती उरते.

छडीशिवाय कडक शिस्त असू शकते, हे दाखवण्यासाठी आपल्याला युरोपकडे पाहण्याची गरज नाही. स्वीडनने १९७९ मध्ये घरातही मुलांना मारणे बेकायदा ठरवले, हे खरे आणि कौतुकाचे. पण त्याच्या कितीतरी आधी बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक गुजरातेतील शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून आल्या होत्या आणि १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला, पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांसह वारली मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांना धरून आणण्याऐवजी शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली. या पद्धतीला मोकाट म्हणणाऱ्यांनी तिचे रोजचे काम पाहिलेले नसते. साधन जिथून घेतले तिथेच नेऊन ठेवायचे, दुसरा वापरत असेल तर त्याचे होईपर्यंत थांबायचे, हातपाय धुऊनच बसायचे: यातल्या प्रत्येक गोष्टीत विलक्षण काटेकोर शिस्त आहे आणि ती लावणाऱ्याला दिवसभर मुलांमध्ये बसावे लागते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजींनीही हेच केले. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः झाडत, अंथरुणे-कपडे नीट लावून ठेवत, आणि मुले ओशाळून ते काम स्वतः करू लागत. हा मार्ग भाबडा वाटतो, पण तो वेळखाऊ आणि कष्टाचा होता, आणि त्यात मुलाला ‘तुझे हे वागणे मला चालणार नाही’ हे न बोलता पण अगदी निक्षून सांगितले जात होते.

नेमका हा वेळच आज शिक्षकाजवळ नाही, आणि म्हणून शिक्षकाच्या तक्रारीला मी कांगावा म्हणणार नाही. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात, पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत, तीन मुले मागच्या बाकावर गोंधळ घालत असतील तर छडी हा सर्वांत स्वस्त उपाय होता. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर तीस मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरवले. त्याच कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता इतर अशैक्षणिक कामांना जुंपू नये असे सांगितले. पण शिक्षक सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतलेले असतात, अनुदानित माध्यमिक शाळांमधील वर्ग फुगलेले असतात, आणि अवघड मुलाशी स्वतंत्र बसून बोलण्यासाठी नेमलेला प्रशिक्षित समुपदेशक बहुतेक मराठी शाळांत नसतो. सरकारने शिक्षकाच्या हातातून एक साधन काढून घेतले, ते योग्यच केले. त्या बदल्यात त्याला दुसरे काहीही दिले नाही, हा अन्याय झाला. आणि गोंधळ घालणाऱ्या मुलाच्या हक्काविषयी बोलताना त्याच वर्गातल्या उरलेल्या मुलांचा शिकण्याचा हक्क आपण विसरतो. ज्यांच्या घरी शिकवणीला पैसे नाहीत, त्यांच्यासाठी ती तासिकाच सर्व काही असते. वर्गात शांतता हवी, ही मागणी प्रतिगामी नाही. ती गरीब मुलांच्या बाजूची मागणी आहे.

मोठ्यांनाही स्वतःकडे पाहावे लागेल. बोर्डाच्या परीक्षेच्या वेळी शाळांच्या भिंतींवर चढून खिडकीतून कॉपी पुरवणारे नातेवाईक महाराष्ट्राने वर्षानुवर्षे पाहिले आहेत. परीक्षेतील गैरप्रकार रोखणारा कायदा राज्यात १९८२ पासून आहे, आणि तरी दरवर्षी कॉपीमुक्त अभियान काढावे लागते. भिंतीवर चढलेला आपला काका पाहणाऱ्या मुलाने नियमाविषयी काय समजायचे? घरातल्या माराबद्दलही बोलायला हवे. शाळेत कुणी बोट लावले तर पोलिसांत जाणारे कित्येक पालक घरी पट्ट्याने मारतात, आणि घरातली ही मारहाण थेट निषिद्ध करणारा कायदा भारतात नाही. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृतीला जुन्या दंडसंहितेतील जे संरक्षण होते, ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. मुलाला घरी मार आणि शाळेत मोकळीक मिळत असेल, तर शाळेत तो काय करील याचा अंदाज बांधायला मानसशास्त्र लागत नाही.

म्हणून मागणी काय करायची, हे स्पष्ट असावे. प्रत्येक शाळेने वर्षाच्या सुरुवातीला, शाळा व्यवस्थापन समितीत चर्चा करून, चालेल काय आणि चालणार नाही काय, हे सोप्या मराठीत लिहून काढावे. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तेव्हा ही फक्त शिक्षकांची बाब राहत नाही. नियम मोडल्यावर पहिल्यांदा काय होईल, दुसऱ्यांदा काय, पालकांना केव्हा बोलावले जाईल, मधल्या सुट्टीत थांबून नुकसान भरून देण्याचे काम कोणते असेल, हे त्यात असावे आणि त्यात शरीराला व प्रतिष्ठेला धक्का लागेल असे काही नसावे. हे नियम पाळून शिक्षकाने केलेल्या कृतीबद्दल त्याला पोलीस ठाण्यात उभे राहावे लागणार नाही, याची हमी शिक्षण विभागाने द्यावी. आणि ते मोडून मारणाऱ्यावर कलम १७ प्रमाणे शिस्तभंगाची कारवाई खरोखर व्हावी, नुसती बदली नव्हे. नववी-दहावीच्या वर्गांसाठीही पटाची मर्यादा घालावी. केंद्रशाळेच्या, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटाच्या, पातळीवर का होईना, पूर्णवेळ समुपदेशकाचे पद मंजूर करावे, आणि ते भरलेले आहे की रिकामे, हे शाळेच्या फलकावर लिहिलेले असावे. अर्थसंकल्पाच्या चर्चेत या पदाविषयी प्रश्न विचारणारा आमदार आपल्याला हवा आहे. छडी परत आणा म्हणणारे सध्या पुष्कळ आहेत.